वेशीवर कोण आधी पोहोचतो?



लूकलिखित शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील धाकट्या मुलाचा दाखला आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. प्रभू येशूने तो ज्यांना सांगितला, त्यांना मात्र आणखी एक गोष्ट तोंडपाठ होती, जी आपण सहसा उघडून वाचत नाही. अनुवाद ग्रंथाच्या 21 व्या अध्यायात बंडखोर मुलाविषयी नियम दिला आहे. आईबापांनी अशा मुलाला धरून वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर न्यावे, तो खादाड व दारुडा आहे असे सांगावे आणि गावकऱ्यांनी त्याला दगडमार करून ठार करावे. हा नियम ठाऊक असलेल्या माणसांपुढे प्रभूने एक म्हातारा बाप उभा केला, जो मुलाला दुरून पाहताच धावत सुटतो. तो प्रेमापोटी धावला, हे खरेच. पण आम्हांला वाटते, गाव पोहोचण्याच्या आत त्याला मुलापाशी पोहोचायचे होते.

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की आजही वेशीवर गर्दी जमते. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणारा मुलगा 17 वर्षांचा होता, असे तपासात पुढे आले. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, त्यात 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि सारा महाराष्ट्र संतापला. तो संताप आम्ही चूक म्हणणार नाही. ज्या दोन घरांतील दिवे विझले, त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकारच नाही. परंतु पुढे काय बाहेर आले ते आठवा. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि आईवडिलांना, डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे मुलाला वाचवण्यासाठी हा बापही धावलाच होता. दाखल्यातला बाप मात्र मुलाने केलेली कबुली ऐकून घेतो, ती खोटी पाडायला जात नाही.

‘पोरांना कायद्याचा धाक नाही, फाशी द्या,’ असे मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही आम्ही ऐकतो. म्हणून कायदा काय आहे हे थोडे समजून घेऊ. दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या अमानुष घटनेत सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांखालील होता. त्याला तीन वर्षे सुधारगृहात ठेवून डिसेंबर 2015 मध्ये सोडण्यात आले. त्याच महिन्यात संसदेने नवा बाल न्याय कायदा संमत केला. आता 16 ते 18 वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास बाल न्याय मंडळ त्याच्या समजेची प्राथमिक तपासणी करते आणि गरज वाटल्यास प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवते. पुण्याच्या प्रकरणात मंडळाने जुलै 2025 मध्ये ही मागणी नाकारली. फाशी मात्र कोणत्याही मुलाला देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही.

मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे न्यावे लागते. तिथे एक दंडाधिकारी असतो आणि दोन समाजसेवक, त्यांत एक तरी स्त्री. जामीन नाकारला तर मुलगा निरीक्षणगृहात जातो. मुंबईतील डोंगरीचे निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. भिंती त्याच, पण आत मुले असल्यामुळे त्यांना तुरुंग म्हणायचे नाही, असे कायदा सांगतो. नाव बदलले की जागा बदलते असे नाही, हे तेथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे.

संत जॉन बॉस्को 1841 साली धर्मगुरू झाले, तेव्हा फादर काफासो यांनी त्यांना तुरीनच्या तुरुंगांत नेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले तिथे नुसती पडून होती. त्यांना अधिक धक्का बसला तो, सुटून गेलेली मुले पुन्हा तिथेच दिसली तेव्हा. बाहेर त्यांचे कोणी नव्हते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. 28 मार्च 2013 रोजी, पोपपदी निवड होऊन पंधरवडा होतो न होतो तोच, पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा मुलामुलींचे पाय धुतले. दहा वर्षांनी, 2023 मध्ये, ते पुन्हा तिथेच गेले.

आपल्या गावाविषयी बोलायचे तर आम्हांला धाकट्यापेक्षा थोरल्याची चिंता अधिक वाटते. थोरला आपल्या भावाला भाऊ म्हणत नाही. तो बापाला तुझा मुलगा म्हणून सुनावतो, आणि बाप हळूच दुरुस्त करतो. अशा मुलाचे नाव वा फोटो छापणे हा गुन्हा आहे. पण व्हॉट्सअपच्या ग्रुपवर आपण काय पाठवतो? प्रौढाप्रमाणे खटला चाललेले गंभीर प्रकरण वगळता शिक्षेचा डाग पुढच्या आयुष्यात आड येऊ नये, कागदपत्रेही मुदतीनंतर नष्ट व्हावीत, अशी तरतूद आहे. न्यायालयाचा कागद फाटतो, वाडीचा फाटत नाही. दृढीकरणाच्या वर्गात त्याच्या शेजारचा बाक रिकामा राहतो.

आणखी एक, जरा रोखठोक. रविवारी चर्चच्या भिंतीलगत उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींपैकी काहींचे चालक दहावीत आहेत, हे आम्हांलाही दिसते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘पोरगं हट्ट करतं’ हे कारण कोणते मंडळ ऐकणार?

ज्या घरावर असा प्रसंग येईल त्यांनी तोंड लपवून बसू नये. मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. शाळेचा दाखला व जन्मदाखला हाताशी ठेवावा, कारण वय त्यावरूनच ठरते. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. आणि पोलीस ठाण्यात जायला सोबत कोणी नसेल, तर आमच्या दाराची बेल रात्रीही वाजवावी.