यादवी आणि इस्तावा

गेल्या उपवासकाळात आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ भेटीस आले. धाकट्या भावाशी त्यांचा अकरा वर्षांपासून दावा चालू आहे. वडिलांची विहीर सामाईक. तिच्यावरच्या मोटारीची तार कोणीतरी कापली आणि तेव्हापासून दोन्ही घरांचा अबोला आहे. दोघांची मुले धर्मशिक्षणाच्या वर्गास येतात, पण एका बाकावर बसत नाहीत. गृहस्थ म्हणाले, “फादर, चूक त्याची आहे हे सारे गाव जाणते. मग आधी मी का वाकायचे?” हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारात झालेले नाही. ओसरीवर चहा घेताना झाले, आणि त्यांची परवानगी घेऊनच येथे लिहीत आहोत.

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. सेमिनरीत शिकलेली उत्तरे ओठांवर आली होती. पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून ती परत आत गेली. पुढे बारामतीहून इंदापूरकडे जाण्याचा योग आला, आणि त्या वाटेवर जे जुने स्मरण झाले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

या रस्त्याला नीरेच्या डाव्या कालव्याची सोबत आहे. हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. आज दुतर्फा ऊस उभा दिसतो, साखर कारखान्यांकडे ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असतात. हे वैभव पाहणाऱ्यास सांगितले की, सव्वादोनशे वर्षांपूर्वी येथली गावे ओस पडली होती आणि ती कोणा परक्या शत्रूने नव्हे, मराठ्यांनीच मराठ्यांशी लढताना ओस पाडली, तर ते सहजी खरे वाटणार नाही.

आपापसातल्या युद्धाला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. कृष्णाचे कुळ जसे आपसांत लढून संपले, तशी लढाई. बारामतीला तर ही गोष्ट विशेषच ठाऊक असावयास हवी होती. नाईकांच्या आश्रयाने याच गावी राहून मोरोपंतांनी अवघे महाभारत आर्यांमध्ये गुंफले. भावाभावांचे ते युद्ध येथे घरोघर ऐकले गेले असेल. मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. त्यानंतर आठच वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, बारामतीपाशी होळकरांची फौज पेशव्यांच्या फौजेवर तुटून पडली आणि तिने पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला हडपसरजवळ शिंदे-पेशवे एका बाजूस आणि यशवंतराव होळकर दुसऱ्या बाजूस, असे मोठे युद्ध झाले. दिवाळीचे दिवस होते.

येथे क्षणभर थांबून यशवंतरावांची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. तुकोजी होळकर १७९७ मध्ये वारले. त्यांच्या मुलांत वारशाचा तंटा उभा राहिला. दौलतराव शिंद्यांनी एका भावाचा पक्ष घेतला आणि दुसरा भाऊ, मल्हारराव, त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या हल्ल्यात मारला गेला. मल्हाररावांचे तान्हे मूल शिंद्यांच्या कैदेत पडले. पुढे एप्रिल १८०१ मध्ये तिसरा भाऊ विठोजी याला दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव पुण्यावर चालून आले ते हे सारे उरात घेऊन. पुतण्याला सोडा, आमच्या घराण्याचा हक्क आम्हांस द्या, ही त्यांची मागणी होती. यात अन्याय्य काय होते? आमच्या ओसरीवरच्या गृहस्थांप्रमाणे तेही म्हणू शकले असते की, चूक कोणाची हे सारा मुलूख जाणतो.

आणि बाजीराव? त्यालाही सांगण्यासारखे होते. विठोजी त्याच्या मुलखात लूटमार करीत होता आणि राज्य राखणाऱ्यास बंडखोराला शासन करावेच लागते. दौलतरावांनाही आपल्या घराण्याची बाजू होती. यादवीची हीच भयानकता आहे. परक्याच्या स्वारीत एक बाजू तरी उघड चुकीची असते. यादवीत मात्र प्रत्येकाच्या हातात न्यायाचा एक एक तुकडा असतो, आणि त्याच तुकड्याने तो समोरच्याचा गळा चिरतो.

न्याय्य युद्धाविषयी संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांनी जे लिहिले ते सेमिनरीत आम्हांस घोकावे लागले होते. युद्ध पुकारणाऱ्यास अधिकार हवा, कारण न्याय्य हवे, हेतू शुद्ध हवा. पुढच्या विचारवंतांनी प्रमाणाची अटही आणली : ज्या अन्यायाच्या निवारणासाठी शस्त्र उचलायचे, त्याहून मोठे अरिष्ट त्या शस्त्राने ओढवता कामा नये. तरुणपणी ही शेवटची अट आम्हांस शाब्दिक वाटे. ती किती खरी आहे हे इंदापूरने शिकवले.

कारण यशवंतरावांच्या भावाच्या रक्ताची किंमत कोणी दिली? बाजीराव सिंहगडावरून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे त्याने तह केला, सहा हजारांची इंग्रजी पलटण पदरी घेतली आणि तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. आपल्या वाचकांपैकी अनेकांची गावे वसईच्या आसपास आहेत. त्या किल्ल्याच्या भिंतींनी चिमाजीअप्पांचा १७३९ चा विजयही पाहिला आणि हा तहही पाहिला. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पुण्यास परतला. यशवंतराव उत्तरेस निघून गेले. राहिला तो भीमा आणि नीरा यांच्या मधला कुणबी.

दिवस कोणते होते पाहा. ऑक्टोबर म्हणजे या भागात रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ. हजारो घोडी ज्या रानातून जातात तेथे वैरण उरत नाही. बैल ओझ्याला धरून नेले की तिफण कशाने ओढायची? पेवे उकरून बियाणे खाल्ले की पेरायचे काय? फौजा, पेंढारी आणि त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ. दख्खनच्या इतिहासात अनेक दुष्काळ पावसाने पाडले. हा पाडण्यात पावसाइतकाच माणसाचा हात होता. गावे उठून गेली. काही परतली, काहींच्या शिवारात बाभळी वाढल्या.

आता पुनर्बांधणीचा प्रश्न. आपल्या श्रद्धेत समेटाची वाट ठरलेली आहे : आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग परिमार्जन. इंदापूरच्या बाबतीत ही वाट पहिल्याच पावलाला खुंटली, कारण अपराधी कधी आलेच नाहीत. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्यास वारले, दौलतराव १८२७ मध्ये ग्वाल्हेरीस. बाजीराव वर्षाला आठ लाखांचे पेन्शन खात १८५१ पर्यंत बिठूरला जगला. यांपैकी कोणीही उजाड गावाच्या वेशीत उभे राहून ‘आमचे चुकले’ असे म्हणाल्याचे आम्ही वाचलेले नाही. मग काय शेत तसेच पडू द्यायचे?

जुन्या मराठी कारभारात यावर एक उपाय होता. त्याचे नाव ‘इस्तावा’. उठून गेलेल्या रयतेला बोलावून सरकार कौल देई, म्हणजे लेखी अभय. जमीन कसा, पहिल्या वर्षी नावापुरता सारा द्या, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी आणखी थोडा, असे करीत काही वर्षांनी पुरा सारा. प्रसंगी बैलबियाण्यासाठी तगाईही मिळे. इंदापूर परगण्यातही त्या आपत्तीनंतर गावे वसवण्यास हीच रीत उपयोगी पडली. या व्यवस्थेत आम्हांस जे मोठे वाटते ते हे की, तिच्यात कोणी कोणाचा अपराध तपासत नाही. ज्याला मागण्याचा हक्क आहे तो काही काळ आपला हक्क आवरून धरतो, इतकेच. जुन्या करारातील योबेल वर्षाची येथे आठवण होते. तेथेही मुक्त होणाऱ्याची पात्रता पाहिलेली नाही. जमीन ज्याची त्याला परत जाते, कारण वर्ष आले आहे.

परंतु हक्क आवरणे फार काळ कोणाला जमत नाही. त्याच बाजीरावाने वसुलाचे मक्ते देण्याची पद्धत बोकाळू दिली. अधिक बोली करील त्याला परगणा, आणि मक्तेदाराला दोन-चार वर्षांत बोलीचे पैसे वसूल करायचे असल्याने त्याला गाव टिकण्याची फिकीर नाही. १८१८ मध्ये इंग्रज आले. त्यांनी मक्ते बंद केले, पण सारा हलका केला नाही. युद्धानंतर धान्य महाग होते, त्या भावावर आकारणी बसली. पुढे भाव कोसळले आणि आकारणी तशीच राहिली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेताच्या निव्वळ उत्पन्नाचे बारीक गणित मांडून १८३० च्या सुमारास नवी आकारणी लागू केली. गणित विलायती अर्थशास्त्राप्रमाणे बिनचूक असेल. मात्र शेत पाहून आकडे लिहिणारे कारकून लाचखाऊ निघाले आणि वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याची नोंद खुद्द सरकारच्याच अहवालात आहे. माणसे पुन्हा उठली आणि निजामाच्या हद्दीत गेली. एकदा यादवीने उजाड झालेले इंदापूर दुसऱ्यांदा शांततेत उजाड झाले.

अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि त्याच्यासह विंगेट हे तरुण अधिकारी इंदापूर तालुक्यात आले. त्यांनी जमिनींची प्रत ठरवून सारा पुष्कळ उतरवला आणि मुख्य म्हणजे तो तीस वर्षे वाढणार नाही असे वचन दिले. मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र गेलेली जमीनमोजणी व धारेबंदीची पद्धत १८३६ मध्ये येथेच, इंदापुरात, सुरू झाली. पडीक रान हळूहळू नांगराखाली आले. १८०३ च्या दुष्काळात जन्मलेले मूल जगले असेल, तर तोवर ते तेहतीस वर्षांचे झाले असेल. एका महिन्याच्या मोहिमेने मोडलेले उभे राहण्यास एक पिढी गेली.

हे कृत्य दयेचे होते का? नव्हते. साऱ्याचा आकडा फुगवून तिजोरी भरत नाही, हे हिशेबाने कळले म्हणून तो उतरवला. आणि तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये, कापसाच्या तेजीचे दिवस पाहून, पुन्हा वाढवला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे गावी सावकारांची खतपत्रे जाळली गेली, त्यास जी कारणे झाली त्यांत ही वाढही होती. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही विचारीत असू की, हिशेबाने केलेले चांगले काम चांगले म्हणावे काय. आता वाटते, भुकेल्याला ज्वारी मिळाली की ती देणाऱ्याचा हेतू तो पारखत बसत नाही. पण हेतूची परीक्षा मुदत संपल्यावर होते, हेही तितकेच खरे.

शेत कबुलीवाचून पुन्हा पिकू शकते, हे इंदापूरने दाखवले. राज्य मात्र पिकले नाही. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या मैदानात शिंदे व भोसले इंग्रजांशी लढत होते, तेव्हा होळकर दूर राहिले. पुढल्या वर्षी होळकर लढले तेव्हा ते एकटे होते. भावाचे रक्त मधे आडवे होते. तिघे एका सतरंजीवर बसून मागचे बोलले असते तर काय झाले असते, हा तर्क इतिहासकारांकडे सोपवू.

जगात असे बसणे अगदीच घडत नाही असे नाही. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये १९७७ पासून यादवी चालली; सुमारे दहा लाख माणसे गेली. रोममधील संत एजिदिओ या कॅथलिक प्रापंचिकांच्या संघटनेने आणि बैरा येथील आर्चबिशप जायमे गोंसाल्व्हिस यांनी दोन्ही पक्षांना बोलते केले. सव्वादोन वर्षे बोलणी चालली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये करार झाला. पुढे तेथील चर्चेसनी बंदूक आणून देणाऱ्यास शिलाई यंत्र, सायकल, कुदळ देण्याचा उपक्रम चालवला. त्याही देशात अपराधांचा निवाडा झाला नाही; सर्वांना माफी देण्यात आली. २०१३ मध्ये काही भागांत बंदुका पुन्हा निघाल्या, तेव्हा ‘पाहा, माफीचे फळ’ असे म्हणणारेही होते. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावू शकत नाही. तरीही मधली वीस वर्षे पेरणी झाली, मुले शाळेत गेली. त्या वीस वर्षांची किंमत ज्याचे शेत कधी पेटले नाही त्याने ठरवू नये.

असो. इंदापूरहून परतल्यावर आम्ही त्या गृहस्थांस निरोप धाडला. ते आले. त्यांना यशवंतरावांची कथा सांगितली, तेव्हा ते होळकरांच्या बाजूने मोठ्या तावातावाने बोलले. इस्ताव्याची गोष्ट सांगितली, तेव्हा गप्प झाले. मग शेतकऱ्याच्या चौकसपणाने विचारले, “पहिल्या वर्षी किती द्यावे लागे?”

“जवळजवळ काहीच नाही.”

“आणि पुरा सारा कितव्या वर्षी?”

आम्ही म्हटले, जमीन पाहून. कोठे पाच, कोठे आठ-नऊ वर्षांनी. ते बराच वेळ अंगणातल्या जांभळीकडे पाहत राहिले. निघताना म्हणाले, “तार मी जोडून देतो. त्याच्याशी बोला, असे मात्र एवढ्यात सांगू नका.”

त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार चालू झाली. पाण्याच्या पाळ्या अजून मुलांकरवी ठरतात.