दहा किलोंचा हिशेब

समजा, पेणचा एक मूर्तिकार रोह्याच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारतो, "सर, पाण्यात काहीच नाहीसं होत नाही, असं तुम्हीच शिकवता. मग शाडू चालतो आणि आमचं प्लास्टर तेवढं का खुपतं?" प्रश्न रास्त आहे, घोषणांनी उडवून लावण्यासारखा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपीच्या) मूर्तींवर बंदी आली; हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मात्र हा पोटाचा प्रश्न आहे. लव्हाझिएचा द्रव्य अक्षय्यतेचा नियम मूर्तिकाराच्याच बाजूचा दिसतो. प्लास्टरमधल्या कॅल्शिअमच्या केंद्रकातले २० प्रोटॉन मूर्ती घडताना आणि बुडताना २०च राहतात. रासायनिक क्रियेचा हात बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोचतो.

पण अणू तेच राहिले म्हणून पदार्थ तोच राहत नाही. प्लास्टर कालवून साच्यात ओतलं की काही मिनिटांत साचा हाताला गरम लागतो. तेव्हा वजनाने १४५ भाग प्लास्टर २७ भाग पाणी धरून ठेवतं आणि १७२ भाग जिप्सम होतं, एकमेकांत गुंतलेल्या स्फटिकांचं. शाडूचे कण पाण्यात नुसते सुटे होतात, गाळ पुन्हा मळता येतो. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणजे दहा किलोंच्या मूर्तीला निदान चार हजार लिटर पाणी हवं. "खाडीत पाणी अमाप आहे की!" आहे, पण ते एका वेळी फक्त पृष्ठभागाला भिडतं, आतलं जिप्सम तसंच गाळात रुततं. रंगांचा प्रश्न वेगळा, तो शाडूलाही चुकत नाही.

"मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेलं अमोनिअम बायकार्बोनेट मूर्ती विरघळवायला वापरू, मिटलं!" नाही मिटत. इथे प्राउस्टचा स्थिर प्रमाणाचा नियम आडवा येतो: १७२ भाग जिप्समला १५८ भाग क्षार लागतोच, दहा किलोंना सव्वानऊ किलोंच्या आसपास. मूठभर टाकला तर मूठभराएवढंच जिप्सम फुटेल. शिवाय खडूसारखा कॅल्शिअम कार्बोनेटचा गाळ उरतो आणि साडेसात किलोंहून अधिक अमोनिअम सल्फेट. ते शेतात खत आहे. तेच नदीत ओतलं तर शेवाळाचं खाद्य.

तरीही पीओपी घडवणं हाच गुन्हा, असं मी मानत नाही. हलकी, स्वस्त, दूरच्या प्रवासात न भंगणारी मूर्ती गिऱ्हाईकच मागतं, तेव्हा सगळा भार एकट्या मूर्तिकारावर टाकणं अन्याय आहे. सव्वानऊ किलो क्षाराचे आणि उरलेलं द्रावण शेतापर्यंत नेण्याचे पैसे मूर्तीच्या किमतीतच धरावेत, नेणाऱ्यानं मूर्ती उचलतानाच मोजावेत. मग शाडू महाग आणि प्लास्टर स्वस्त, हा भाव कितपत खरा होता तेही कळेल.