देव विटेवर थांबतो



ज्येष्ठ महिना म्हणजे वारकऱ्याच्या घरात मोठी धांदल. पाऊस पडला की पेरणी गाठायची, मुलांची शाळा सुरू होते म्हणून वह्या-पुस्तके आणायची, आणि वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची, अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी निघणार म्हणून वळकटी बांधायची. अशा दिवसांत संध्याकाळपर्यंत अंगणात हुंदडणारे लेकरू रात्री तापाने फणफणते. डोळे उघडत नाही, घोटभर पाणी घेत नाही. घरातली सगळी कामे जिथल्या तिथे थांबतात. अशा वेळी नेम पाळणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो सहसा कोणाजवळ बोलत नाही. हरिपाठ राहिला, दिंडीतली जागा रिकामी राहिली, आता माझ्या नेमाचे काय?

माऊली, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपला देव उभा का आहे, एवढे आठवले तरी पुरे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत बसला होता. दारात साक्षात पांडुरंग आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, जवळची वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, परत गेला नाही. तो त्या विटेवर उभा राहिला आणि आजही उभा आहे. हातातली सेवा पुरी होईपर्यंत देव थांबतो, ही खूण आपण दर वारीला डोळ्यांनी पाहतो.

यावर कोणी म्हणेल, ती आईबापांची सेवा होती. लेकरापाशी बसणे हा तर मोह. शंका चांगली आहे, कारण मोह आणि सेवा दोन्ही एकाच खाटेपाशी बसलेली असतात. ओळखण्याची एक रीत सांगतो. शेजारच्या घरातले पोर असेच तापाने पडले असते, तर तुम्ही उठला असता का? उठला असता, तर आज आपल्या लेकराजवळ बसण्यात सेवा आहे. ‘माझे’ एवढ्याचसाठी जीव तुटत असेल, तरीही उठू नका. तिथेच बसा. त्या ‘माझे’पणातून मन हळूहळू मोठे होईल.

मग गोरोबाकाकांचे काय, असेही विचारले जाते. तेरचे गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि रांगत आलेले मूल पायाखाली आले, ही कथा महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितली आहे आणि कीर्तनात आपण ती अनेकदा ऐकतो. पुष्कळ जण तिच्यातला अर्धाच भाग मनात ठेवतात आणि समजतात की भक्ताने घराकडे पाहूच नये. पण त्याच कथेत पाणी घेऊन परतलेल्या आईचा आक्रोशही आहे. संतचरित्रकाराने तो गाळला नाही. आणि पंढरीच्या कीर्तनात ते लेकरू आईला परत मिळाल्याशिवाय कथा पुरी होत नाही. ज्या देवाला त्या आईचे रडणे ऐकू आले, त्याला तुमचे लेकरू सोडून आपल्याकडे या, असे का वाटेल?

आणखी एक काटा मनात असतो. मागची एकादशी चुकली, माळ तुटली, कोणाचा शब्द मोडला, म्हणून तर हे झाले नसेल ना? माऊली, हा हिशेब मांडू नका. आपण ज्याला विठाई म्हणतो, ती आई एकादशी चुकली म्हणून पाळण्यातल्या जिवाला शिक्षा करील का? असे मानले तर आपण तिला आई म्हणूच नये. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात डास होतात, विहिरीचे पाणी गढूळ होते, त्याने ताप आणि जुलाब येतात. त्याला उपाय आहेत.

ते उपाय वेळेवर करणे हीसुद्धा भक्तीच. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरकडे जाण्याआधी त्यात घटकाही घालवू नका. जुलाब होत असतील तर जलसंजीवनी घोटघोट पाजत राहा. तापात आकडी आली तर लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा मूल सुस्त पडून ओळख देईना, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आकडी लगेच थांबली तरी डॉक्टरला दाखवाच.

आता पुरुष वारकऱ्यांना एक विचारू? वाटेत भेटेल त्याच्या पाया पडून आपण एकमेकांना ‘माऊली’ म्हणतो. ज्ञानोबारायांना माऊली म्हणतो, देवालाही आई म्हणतो. मग रात्री दोन वाजता कपाळावरची पट्टी बदलायला घरात एकटीच माऊली का उठते? ती सकाळी धार काढणार, डबे भरणार, आणि घरातल्या दुसऱ्या पोराचीही वेणीफणी करणार. एक रात्र तिला झोपू द्या आणि तुम्ही उशाशी बसा. मग त्या शब्दाचा अर्थ कळेल.

एवढे करूनही प्रत्येक लेकरू उठतेच असे नाही, हे लपवून चालणार नाही. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी गेली, मुलगा संतूही गेला. संतांचे घरही सुटले नाही. त्यांची भक्ती कमी पडली म्हणून हे घडले, असे म्हणायची आपली जीभ धजेल का? मग दुःखात पडलेल्या शेजाऱ्याविषयीही तसे म्हणू नये. तुकोबांनी त्या दुःखातही पांडुरंगाचा हात सोडला नाही, एवढेच आपण धरून ठेवावे.

नामाला वेळ-काळ लागत नाही, आसन लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर, सलाईनच्या थेंबाकडे पाहत ओठांतल्या ओठांत ‘विठ्ठल विठ्ठल’ चालले, तर नेम मोडला असे कोण म्हणेल?

आणि ज्यांची दिंडी यंदा सुखरूप निघाली, त्यांनी एवढे करावे. एखादा नेहमीचा वारकरी ओळीत दिसला नाही तर आधी चौकशी करा. घरी आजारपण असेल तर मागे राहिलेल्यांना सांगून डबा पोचवा, त्यांची म्हैस कोणी पिळील असे पाहा, थोरल्या पोराला शाळेत सोडण्याची सोय करा. पंढरीत कळस दिसला की त्याच्या नावानेही हात जोडा. तो घरी थांबून पुंडलिकाचेच काम करतो आहे.