व्रत आणि सोवळे



इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आदींनी ‘व्हीगन’ पंथाची संस्था स्थापिली. मांसाबरोबर दूध, तूप, मध, रेशीम, लोकर, चामडे ही सर्वच हे लोक वर्ज्य मानतात. त्यांच्या व्रताची खरी कसोटी बाजारात लागते. आपल्याकडे पुडक्यावरचा हिरवा ठिपका शाकाहार दर्शवितो. पण त्यात दूध व मध चालतात. कित्येक औषधांच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. काही गोळ्या-चॉकलेटांची चकाकी लाखेच्या किड्यापासून येते. मग आजाऱ्याने औषध नाकारावे काय? ‘शक्य व व्यवहार्य असेल तेथवर’ अशी मर्यादा त्या संस्थेनेच आपल्या व्याख्येत घातली आहे. ही पळवाट नव्हे, हा विवेक होय.

मात्र व्रताचे सोवळे होण्यास वेळ लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणनगरीत शरण हरळय्या पादत्राणे शिवीत आणि डोहर कक्कय्या कातडी कमावीत. शरणांनी दोघांनाही आपल्या पंक्तीत मानाने बसविले. चामडे न वापरण्याचा निश्चय कोणी खुशाल करावा. परंतु ते शिवणाऱ्या हातांचा विटाळ मानला, तर प्राण्यावरची दया माणसापाशी येऊन आटली असे होईल.

आपण शाकाहारीही गर्व न धरू. दुभत्या म्हशीच्या रेडकाचे पुढे काय होते, हे किती जण विचारतात? स्वतःची पिशवी कसोशीने तपासावी. शेजाऱ्याचे ताट तपासू नये.

शरणु शरणार्थी.