चिकटा

स्वयंपाकघरातल्या फळीवर करडईच्या तेलाचा डबा असतो. त्याच्या तोंडाशी पिवळट, रबरासारखा चिकटा धरतो. आई तो राखेनं घासायची, मी गरम पाणी आणि साबण वापरतो, तरी शेवटी नखानं खरवडावाच लागतो. आजवर मी त्याला घाण म्हणत आलो. काल सकाळी डबा हातात घेऊन त्या चिकट्याकडेच बराच वेळ बघत बसलो.

कारण घरात एक धनुष्य आलं आहे. भाच्यानं दसऱ्यासाठी स्वतः तासून केलेलं, धामणीच्या लाकडाचं. धामण चिवट आणि लवचीक. कावडीचे आणि कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असंच नाव आहे, म्हणजे पोरानं लाकूड बरोबर निवडलं. रंध्यानं आकार दिला, काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत केलं, आणि मग मला विचारलं, "मामा, याला तेल कोणतं लावू?"

प्रश्न साधा वाटतो, पण धनुष्याचा जीव त्यावर अवलंबून आहे. आमच्या नौबादला उन्हाळ्यात लाकूड तडतडतं आणि पावसाळ्यात दारं चौकटीत फुगून बसतात. धनुष्यानं ओल प्यायली तर ते लेचं पडतं, दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहतं. फार वाळलं तर ओढताना तुटतं. ओढताना त्याच्या पाठीवर ताण येतो आणि पोटाशी लाकूड दाबलं जातं, दर बाणाला हे दोन्ही एकाच वेळी घडतं. अशा सतत वाकणाऱ्या वस्तूवर कडक वार्निशचा जाड थर दिला तर तो तडकायची भीती. तेल लाकडात शिरतं आणि त्याच्याबरोबर वाकतं. ओल पुरती थांबवत नाही, पण तिचं येणं-जाणं सावकाश करतं.

पण तेल म्हणजे नक्की कोणतं? खोबरेल लावलं तर महिनोन् महिने बोट ओशटच होणार. शेंगतेलाचंही तेच. जवसाचं तेल मात्र वाळतं. वाळतं हा शब्द इथे थोडा फसवा आहे, कारण पाण्यासारखं ते उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाची घट्ट, लवचीक साय तयार होते. तेल किती वाळेल याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो: जवसाचं 170 च्या वर, करडईचं 140 च्या आसपास, शेंगतेलाचं 100 च्या आत आणि खोबरेलाचं जेमतेम 10. क्रिकेटची बॅट जवसाच्या तेलानं मुरवतात ती याचसाठी.

म्हणजे डब्याच्या तोंडाशी धरलेला चिकटा हीच ती साय. जी गोष्ट मी इतकी वर्षं खरवडून टाकली, तीच धनुष्याला अंगभर हवी आहे. हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे नवं नव्हतं. विहिरीवर मोट चालायची त्या काळी चामडं आणि नाडा पाण्यानं कुजू नये म्हणून करडईचं काळं, जळकं तेल चोपडत. खाण्याला ते तेल निरुपयोगी, पण पाण्याशी झुंजायला पक्कं. बीदरच्या बिदरी कामातही शेवटचा हात तेलाचाच. जस्त-तांब्याचं भांडं किल्ल्यातल्या मातीनं काळं झालं की त्यावर तेल चोळतात, मग काळा रंग खोल होतो आणि चांदीची वेल उठून दिसते. तिथे तेलानं वाळायची गरज नाही, काळ्याला तेज आणलं की झालं. धातूचं मागणं वेगळं, लाकडाचं वेगळं.

हार्डवेअरच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं, रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते दिवसाभरात सुकतं. पोराच्या हाताळण्यातली वस्तू, तेव्हा मी कच्चं, घाण्याचं तेल घ्यायला सांगितलं. त्याला प्रत्येक हातानंतर तीन-चार दिवस, कधी जास्तही थांबावं लागेल, हेही सांगितलं. थांबायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला उद्याच बाण सोडायचा होता.

पहिला हात आम्ही दोघांनी मिळून दिला. थोडंसं तेल, तळहाताच्या उबेनं चोळलं, आणि अर्ध्या तासानं जेवढं वर राहिलं तेवढं सगळं पुसून काढलं. पुसायला कंटाळलं तर वर जाड, चिकट थर राहतो आणि तो नीट वाळत नाही. तेल लागताच धामणीचे रेषे असे उजळले की भाचा बोलायचा थांबला.

पुसलेलं फडकं त्यानं चुरगळून कोपऱ्यात टाकलं, तिथे मात्र मी त्याला थांबवलं. जवसाचं तेल प्राणवायू घेताना तापतं. बोळ्यात ही ऊब साठली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं बादलीभर पाण्यात बुडवून मगच टाकलं. त्याला ते खरं वाटेना, म्हणून तेलाचं फडकं पाण्यात भिजलं की का तापत नाही, हे संध्याकाळपर्यंत तो मला विचारत राहिला.

धनुष्य आता माजघरात, दोरीशिवाय, दोन खुंट्यांवर आडवं ठेवलं आहे. भाचा दर तासानं जाऊन बोट लावून बघतो. आज चौथा दिवस. सकाळी बोटाला अजून किंचित ओढ लागत होती.