कुऱ्हाड हातीं घेण्यापूर्वीं

सातपुड्यांत व त्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत एक प्रश्न वारंवार येत असतो. पोराचें लग्न ठरलें, घर वाढवावयाचें आहे, आणि पाड्यामागच्या रानांत साग उभा आहे. वाडवडिलांनीं ह्याच रानांतून खांब आणिले. मग आपण रात्रीं जाऊन एक झाड आणिलें, तर ती चोरी कशी? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आपण त्याचा शांतपणें विचार करूं.

अक्राणीकडे जुन्या रीतीचें घर उभें राहतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ठाऊकच आहे कीं तें काम हलकें नव्हे. झाड पारखून निवडावयाचें, कुऱ्हाडीनें पाडावयाचें, वाकसानें तासून बाहेरचें पांढरें लाकूड काढून टाकावयाचें. कारण वाळवी त्यालाच लागते, आंतील गाभ्याला सहसा लागत नाहीं. मग बेचक्याचे खांब पुरून त्यांवर आढें, आढ्यावरून वासे, आणि भोंवतीं बांबूचा लिंपलेला कूड. एकट्याच्यानें हें होत नाहीं. म्हणून सारा पाडा मजुरीवांचून, केवळ जेवणावर राबतो. ह्यालाच तिकडे लाहा म्हणतात. अशा घराचा खांब कोठल्या झाडाचा, हें सर्वांस ठाऊक असतें. तेथें लपविण्याजोगें कांहीं नसतें.

कोणी म्हणेल, हातच्या हत्यारानें रान थोडेंच संपतें! परंतु हत्यारास पुण्य चिकटलेलें नसतें. नवापुराशेजारच्या डांगांतील भिल्ल राजांकडून १८४२ सालीं इंग्रजांनीं जंगलें पट्ट्यानें घेतलीं, आणि तेथील साग मुंबईच्या गोदीकडे जाऊं लागला. तेव्हां यंत्रें नव्हतीं. त्या झाडांवर चालली तीही कुऱ्हाडच. भेद इतकाच कीं, ज्यांच्यासाठीं झाड पडलें त्यांनीं मागें उरलेला खुंट कधीं पाहिला नाहीं. लाभ एकाच्या पदरीं आणि उणीव दुसऱ्याच्या, येथेंच अन्यायाचें मूळ आहे.

आतां रात्रीं तोडलेल्या सागास हेंच माप लावून पाहा. सागास चांगला जून होण्यास ६० ते ८० वर्षें लागतात. घर एकाचें होतें. उणीव मात्र साऱ्या पाड्याची, आणि जे अद्याप जन्मले नाहींत त्यांचीही. शिवाय रात्रच कां निवडावी? शेजाऱ्याची नजर नको म्हणूनच ना? मन तेथेंच साक्ष देऊन चुकलें.

ह्यावर एक उत्तर येईल, आणि तें खोटें नाहीं. १८७८ च्या वनकायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं, आणि रानांत राहणारा आपल्याच रानांत चोर ठरला. ही सल खरी आहे. पण आम्हांवर झालेल्या अन्यायानें शेजाऱ्याचा वांटा आमचा होत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवाचें सामूहिक रान राखण्याचा व सांभाळण्याचा अधिकार मान्य केला आहे. त्यांत बांबू गौण वनोपज म्हणून धरला आहे. इमारती लाकूड मात्र धरलेलें नाहीं. सबब राखीव वनांतील साग परवानगीवांचून तोडणें आजही गुन्हाच आहे. गरज खरी असेल तर ती ग्रामसभेंत, दिवसाउजेडीं, सर्वांसमक्ष मांडावी. उत्तर उशिरां मिळेल, कदाचित् नाहींही मिळेल. तें सोसणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों.

तरीही हात रिकामे राहत नाहींत. सरदार सरोवरामुळें अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. १९९३ सालीं मणिबेलीच्या घरांत पाणी शिरलें. त्या खोऱ्यांतून उठून जावें लागलें तेव्हां कित्येक कुटुंबांनीं घरें उकलून खांब व वासे बरोबर नेले, आणि नव्या वसाहतींत तेच पुन्हां उभे केले. बापाच्या हातानें तासलेला गाभा लेकाच्या घरासही पुरला. जुनें घर उकलतांना आपण किती लाकूड चुलींत घालतों, हें पाहण्यासारखें आहे.

आणि परवानगीनें तोडण्याची वेळ आलीच, तर झाड जमिनीलगत, तिरकस व स्वच्छ तोडावें, म्हणजे खुंटावर पाणी सांचत नाहीं. सागाच्या खुंटास फुटवे येतात. त्यांतील एक जोमदार राखून शेळ्यांपासून संभाळावा. तो वाढतांना रोज दिसेल अशा वाटेवर ज्याचें घर आहे, त्यानेंच कुऱ्हाड उचलावी. खुंटाकडे पाहण्याचें धैर्य नसेल, तर ती खालीं ठेवणें बरें.