नकलेतील नीती

दुसऱ्याच्या वाणीची नक्कल करून लोकांस हसविणे नीतीस धरून आहे काय? इंग्रज विनोदी नट पीटर सेलर्स (१९२५–१९८०) याने नभोवाणीवरील ‘द गून शो’त केवळ कंठाच्या बळावर अनेक पात्रे उभी केली, त्याचे कौशल्य वादातीत होय. परंतु १९६८ च्या ‘द पार्टी’ या चित्रपटात तोंडास रंग फासून त्याने जो हिंदी गृहस्थ रंगविला, तो पाहताना हसू येते आणि मनास बोचतेही.

मराठवाड्याचे प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात एकट्याने ५२ पात्रे वठविली. परभणीकडील पालमसारख्या गावी कानी पडावी अशा बोलीस त्यांनी रंगभूमीवर मानाचे पान वाढले. ते आपल्यांतलेच, म्हणून निर्दोष, असे कोणी म्हणेल. पण स्वजनाने केली म्हणून कुचेष्टा क्षम्य होत नाही. खरी कसोटी निराळी आहे. ज्याची नक्कल केली, त्यास पहिल्या रांगेत बसून ताठ मानेने हसता आले पाहिजे. देशपांड्यांची माणसे गोंधळतात, रुसतात. परंतु त्यांचे माणूसपण उणावत नाही.

मात्र प्रेक्षकांचा हशा नटाच्या स्वाधीन नसतो. नाट्यगृहात त्या बोलीस टाळ्या देणारेच उद्या पालमच्या विद्यार्थ्याने पुण्यात तोंड उघडताच हसू लागले, तर तो आपल्या आईची भाषा हळूहळू टाकून देईल. त्या पापाचा धनी नकलाकार नव्हे, आपण.